शोभाबाईच्या गोळ्या

गव्हाला एरंडेल लावायचं काम दोघींनी मिळून करायचं असतं, असं शोभाबाईंचं ठाम मत होतं. एकीनं हात चालवायचे आणि दुसरीनं तोंड. हात कुणाचे आणि तोंड कुणाचं हे मात्र त्या आधीच ठरवून ठेवत.

चैत्रातल्या त्या रविवारी उधन्यातल्या घराच्या गच्चीवर जुनी साडी अंथरून वर्षाचे गहू पसरले होते. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू होते. तो खडखडाट त्या घरात कुणाला ऐकूच येत नसे; बंद पडला तरच सगळे एकमेकांकडे बघत. धनश्री कोपरापर्यंत बाह्या सारून, तळहाताला तेल घेऊन गव्हातून हात फिरवत होती. शाळेत विज्ञान शिकवणारी, वाचनालयातलं पुस्तक परत करायच्या आधी दुसरं हातात घेणारी ही बाई. पण आईच्या गच्चीवर तिची किंमत दोन हातांची होती.

"तू गव्हाले तेल लाई राहिनी का गोंजारी राहिनी?" पायरीवर बसून शोभाबाईंनी विचारलं. सुरतेत उभा जन्म गेला तरी घरात त्यांची अहिराणी सुटली नव्हती.

"गोंजारतेच आहे. वर्षभर हेच खायचेत."

"तुना हात पुस्तक धराना शेतस. ऱ्हाऊ दे, मी करस."

"बस तू. मागच्या वेळी कंबर धरली होती तेव्हा कोण ओरडत होतं?"

"मी नही वरडी. तुना बाप वरडना."

खालून धनश्रीच्या वडिलांनी, सुकदेव मिस्तरींनी, लूमवर उभं राहून राहून अर्धे कान गमावलेल्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "कोण वरडस?" दोघी हसल्या, आणि शोभाबाईंनी तितक्याच जोरात "चहा ठेवा!" असं सांगून विषय मिटवला.

आधी या घरात गहू असे भरले जात नसत. आधी गोळ्या असत.

सुरतेच्या दमट हवेत गव्हाला कीड पटकन धरते. तिच्यावरचा उपाय म्हणून घरोघरी धान्याच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या टाकतात. पारा राखेत आणि मातीत खलायचा, त्याची चमक पार मरेपर्यंत खलायचा, मग चपट्या गोळ्या करून सावलीत वाळवायच्या आणि पातळ फडक्यात बांधून गव्हात पुरायच्या. शोभाबाई हे काम लग्नानंतर शेजारणीकडून शिकल्या आणि शेजारणीच्या पुढे गेल्या. त्यांची गोळी फुटत नसे. गहू भरायच्या दिवसांत उधन्यापासून पर्वत पाटियापर्यंतच्या बाया "शोभाबाईच्या गोळ्या आल्या का?" असं विचारत मगनभाईच्या दुकानात यायच्या. गोळी ओळखायला सोपी होती. मधोमध अंगठ्यानं दाबल्याचा खळगा आणि त्या खळग्यात एक आडवी रेघ. विळीनं कापलेल्या अंगठ्याचा तो व्रण, लहानपणीचा, प्रत्येक गोळीवर उठलेला असायचा.

गेल्या वर्षी धनश्री सातवीच्या वर्गासाठी धातूंचा धडा तयार करत होती. धडा दोन पानांचा होता; पण तिला दोन पानांवर थांबायची सवय नव्हती. ती पाऱ्याबद्दल वाचत गेली आणि वाचता वाचता हबकली. त्या संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. पारा खलला तरी मरत नाही, नुसता दिसेनासा होतो. त्याची वाफ नेहमीच्या उन्हाळ्यातही निघत राहते, तिला रंग नाही की वास नाही. ती मेंदूवर जाते, मूत्रपिंडावर जाते. पोटुशी बाईच्या अंगात गेली तर बाळापर्यंत पोचते. गोळ्या फेकून द्याव्यात तर कचऱ्याबरोबर जळून हवेत, नाहीतर पावसानं खाडीत, खाडीतून माशांत, आणि माशांतून परत ताटात.

शोभाबाईंनी ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"गोळी गहूमा फुटनी तं पोटमा जास का?"

"जातो."

त्या उठल्या आणि त्यांनी खल धुवायला मोरीत नेला. तिथंही धनश्रीनं त्यांना अडवलं, कारण मोरीचं पाणीही शेवटी खाडीतच जातं. मग तो खल हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी जाड पिशवीत बांधून तो बाहेरच्या गॅलरीत ठेवला, आणि त्यांनी जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडल्या.

"कुठं निघालीस?" शाळेला जाता जाता डोकावलेल्या धनश्रीनं गॅलरीतून विचारलं.

"गोळ्या मी दिध्यात. मीच माघारी लिसू."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. कुणाच्याही घरी जाऊन बसायच्या, पाणी मागायच्या, सुनेची, शाळेची, पाण्याच्या प्रेशरची चौकशी करायच्या आणि मग म्हणायच्या, "आते मन्या गोळ्या काढ कोठीमातून." बाया हसायच्या. "काय शोभाबाई, नोटा बंद झाल्या तशा गोळ्या बंद झाल्या का?" एकीनं तणतणत विचारलं, "इतकी वर्षं खाल्ले हेच गहू. काय झालं आम्हाला?" शोभाबाई म्हणाल्या, "नही जायं ते बेस जायं. काढ." मगनभाई तर दुकानातून ओरडला, "शोभाबेन, तमे तो मारी सीझन बगाडी!" त्याला त्या म्हणाल्या, "तुनी सीझन बिघडू दे, तुना नातू नको बिघडू दे." आणि त्याच्याच फळीवरची उरलेली पुडकी पिशवीत घातली. दुसऱ्यांनी केलेल्या गोळ्याही निघायच्या. शोभाबाई त्या उजेडात धरून बघायच्या, "हाई मनी नही," असं बजावायच्या आणि तरी आपल्याच बरणीत टाकायच्या.

बरणी जाड काचेची, घट्ट झाकणाची होती आणि ती एका पत्र्याच्या डब्यात बसवलेली होती. तिला घरात आणायचं नाही, असा नियम धनश्रीनं केला होता. शहरातली एक संस्था दवाखान्यांतले जुने थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रं गोळा करून पारा सुरक्षित ठिकाणी पाठवायची. त्यांची गाडी अधूनमधून उधन्यात यायची. पहिल्यांदा बरणी दिली तेव्हा गाडीवरच्या मुलीनं वजन करून "एवढा पारा? कुठल्या हॉस्पिटलचा?" असं विचारलं होतं. शोभाबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "घरना शे."

आता, त्या रविवारी, एकच घर राहिलं होतं. सुंदराचं.

सुंदरा ही शोभाबाईंची अमळनेरकडची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन सुरतेत आल्या, एकाच चाळीत राहिल्या, मग सुंदरा पर्वत पाटियाला गेली. साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते. ती गोळ्या देईना. "उद्या ये," म्हणायची. उद्या गेलं की, "कोठी आत्ताच भरली, आता कोण उपसणार?" असं म्हणायची. आणि तिची सून कविता पाचव्या महिन्यात होती.

"उद्या मी जास तिनाकडे," गच्चीवरचे गहू गोळा करता करता शोभाबाई म्हणाल्या. "कोठीसमोर बठसू. देस नही तोवर उठाव नही. भाकर बी तठेच खासू."

"मी येऊ?"

"तू नको. तू उनीस का ती मास्तरीण उनी म्हनी आखडस. मनावर ती नुसती रागे भरस. माले सवय शे."

खाली सुकदेव मिस्तरींनी केलेला चहा फार गोड झाला होता. तिघांनी तो प्यायला. शोभाबाईंनी एका बाटलीत सुंदरासाठी एरंडेल भरून ठेवलं, धनश्रीच्या केसांना लागलेला गव्हाचा कोंडा बोटांनी काढला आणि "जा आते, तुना घरना भूका मरत व्हतीन," असं म्हणून तिला दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या घरी पिटाळलं. दिवस इतका साधा होता की नंतर धनश्रीला त्यातलं काय आठवावं ते कळेना.

सोमवारी सकाळी वेणी घालता घालता शोभाबाई आरशासमोर खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं पारा खलण्याशी त्याचा संबंध असेल का, हे धनश्रीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. सांगता येत नाही ते आपणही म्हणू नये, असं तिनं ठरवलं आणि ते पाळलं.

तेरावं झालं. पाहुणे गावी गेले. सुंदरामावशी चारदा येऊन रडून गेली होती. गोळ्यांचा विषय तिनं काढला नाही आणि धनश्रीनंही काढला नाही. पण घर रिकामं झालं त्या संध्याकाळी सुकदेव मिस्तरी गॅलरीत उभे राहून बरणीकडे बघत म्हणाले, "तुनी मायनं एक काम राहिनं." त्यांना वाटलं ते हळू बोलले. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

"करते मी," धनश्री म्हणाली.

"आं?"

"करते!"

शनिवारी शाळा सुटल्यावर ती सिटी बसनं पर्वत पाटियाला गेली. पिशवीत डब्यात बसवलेली दुसरी, रुंद तोंडाची रिकामी बरणी होती, आणि एरंडेलाची बाटली. आईनं भरलेली. बसमध्ये ती मनात वाक्यं जुळवत होती. रागवायचं नाही. मास्तरीण व्हायचं नाही. आधी पाणी मागायचं.

सुंदरामावशीनं दार उघडलं आणि तिला बघून आधी कपाळाला हात लावला, मग गालाला.

"ये व माय. आठे बठ. पंख्याखाले बठ."

खोलीभर साड्यांचे गठ्ठे होते. कविता भिंतीला टेकून, मांडीवर जांभळी साडी घेऊन लेस टाचत होती. पोट चांगलं दिसत होतं. "दीदी, केम छो?" म्हणून ती उठायला लागली तर धनश्रीनं तिला खांद्यावर हात ठेवून बसवलं. पाणी आलं. पाण्याच्या प्रेशरची चौकशी झाली. धनश्रीनं बाटली पुढं केली.

"मायनं भरून ठेवलं होतं तुमच्यासाठी. कोठीतल्या गोळ्यांच्या बदल्यात."

सुंदरामावशीनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"गोळ्या का? त्या तं मी कधयच काढ्यात! शोभी गयी त्याना दुसऱ्याच दिवशी. तेराव्यानी वाट नही दखी. सगळी कोठी उपसी मी, एकलीनं. इचार कवितीले."

"खरंच," कविता म्हणाली. "मला हातसुद्धा लावू दिला नाही. पूरा दिवस गहूच गहू. मग गिरणीतून दुसरे आणले."

धनश्रीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदम. "मावशी, कुठं आहेत मग त्या? द्या, मी घेऊन जाते."

"घेऊ जास?" सुंदरामावशीला ते पटलं नाही. "काबर? त्या काही आते गहूमा नहीत. चांगल्या जागी ठेवेल शेतस मी." आणि तिनं मोठ्या अभिमानानं भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर देव्हारा होता. देवांच्या उजव्या हाताला पितळेची वाटी, वाटीत शोभाबाईच्या गोळ्या, प्रत्येकीच्या खळग्यात हळदीकुंकवाचं बोट. आणि वाटीला टेकून निरांजन तेवत होतं. त्याखालीच कविता टेकून बसायची ती जागा होती.

"रोज दिवा लावस मी तिले," सुंदरामावशी म्हणाली. "आनि धनू, चमत्कार दख. वाटीले चांदी उनी."

तिनं वाटी तिरपी केली. तळाला, एका फुटलेल्या गोळीच्या भुग्याशेजारी, पितळेवर पांढरा चकचकीत डाग पडला होता. खालच्या मजल्यावरच्या बाया तो बघायला येऊन गेल्या होत्या. एकीनं नमस्कार करून साखर ठेवली होती.

धनश्रीनं उठून आधी निरांजन विझवलं. सुंदरामावशी "अवं, अवं!" म्हणत राहिली. मग तिनं खिडकी पूर्ण उघडली, पंखा बंद केला आणि कविताला म्हणाली, "तू जरा बाहेर गॅलरीत बस. ही साडीही घेऊन जा. शांतपणे जा, घाबरू नकोस." कविता तिच्याकडे बघून काही न विचारता उठली. मास्तरणीचा आवाज शेवटी निघालाच होता.

"मावशी, ती चांदी नाही. पारा आहे. गोळी फुटली, पारा पितळेला चिकटला. आणि दिव्याच्या उबेनं तो वर निघतोय. गव्हात होता त्यापेक्षा जास्त."

सुंदरामावशीनं वाटी पुन्हा देव्हाऱ्यात टेकवली. "दिवा लावा म्हनी?"

"दिवा लावला म्हणून. आणि कविता दिवसभर त्याच्याखाली बसते."

हे समजायला मावशीला क्षणही लागला नाही. तिचा हात तोंडावर गेला. पण धनश्रीनं बरणी काढून झाकण फिरवलं तशी तिनं वाटी छातीशी धरायला हात पुढं केला आणि अर्ध्यावर थांबवला. धरायची नाही हे कळलं होतं, सोडायची नाही हेही होतं.

"मना कडे तिनं दुसरं काय शे वं?" ती म्हणाली. "फोटो नही. साडी नही. चाळमा व्हतूत तधय कोन फोटो काढे? हाई तिना अंगठा शे. दख, रेघ बी शे." ती धनश्रीकडे वळली. "तुना कडे तरी काय शे?"

धनश्रीकडेही नव्हतं. तिनंही मागच्या दोन आठवड्यांत एकदा, दुपारी, गॅलरीतल्या बरणीचं झाकण उघडायला हात नेला होता. एकच गोळी. डबीत, घट्ट, कपाटाच्या तळाशी. कुणाला कळलं नसतं. तिनं हात मागं घेतला होता, पण रेघ कशी होती ते काचेतून दिसेपर्यंत ती तिथंच बसून राहिली होती.

"नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "मीही एक ठेवणार होते. ठेवली नाही."

"आनि दुसरी गोट सांगस." मावशी आता पदरानं डोळे पुसत, जरा भांडणाच्या सुरात बोलत होती. "मी ह्या देस नव्हतू ना, ते काही किडामुळे नही. मी दिध्यात का मंग जायं, शोभी चुकनी असं जायं. सगळी पाटियानी बाया म्हनतीन, शोभी आमले जहर खावाडे. मना तोंडवर म्हनन्यात दोघीजनी. मी भांडनू त्यासले. मनी शोभी चुकनीच नही, असं सांगं मी."

बाहेर गॅलरीत कविता फोनवर कुणाशी तरी गुजरातीत बोलत होती. खिडकीतून गरम वारा आला. विझलेल्या वातीचा धूर वर जाऊन संपला.

धनश्रीनं प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली, देव्हाऱ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि जाड कागदाच्या तुकड्यानं वाटीबाहेर सांडलेला भुगा हळूच ओढून घेतला. झाडू नाही, फुंकर नाही. मग वाटी, वाटीतल्या गोळ्यांसकट, तशीच्या तशी बरणीत उतरवली. निरांजनही मागोमाग गेलं. मावशीनं ते जाऊ दिलं. गोळ्या तिरप्या होऊन काचेला टेकल्या आणि एकीचा खळगा नेमका समोर आला. हळदीतून रेघ दिसत होती.

"चुकली होती ती, मावशी," धनश्री म्हणाली. "माहीत नव्हतं म्हणून चुकली. आणि पाटियाच्या बायांना हे आधी कुणी सांगितलं? तिनंच. तुमच्या त्या दोघीजणींना जहर हा शब्दसुद्धा तिच्यामुळे कळला."

मावशी धनश्रीच्या शेजारी खाली बसली, गुडघे मोडत, भिंतीला हात धरून. धनश्रीनं झाकण घट्ट फिरवलं, बरणी डब्यात ठेवली, पण डब्याचं झाकण लगेच लावलं नाही. आता उठायला हवं होतं. खोली अजून तासभर उघडी ठेवायची, फरशी ओल्या कागदानं पुसायची, कविताला डॉक्टरांकडे न्यायचं. सगळं तिला माहीत होतं. ती बसून राहिली.

"माय," ती बरणीकडे बघत म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, गच्चीवर बोलायची तसा. मावशीनं तिच्याकडे वळून पाहिलं आणि मग नजर खाली केली, दोघींचं बोलणं ऐकू नये तशी. "मी नुसतं वाचलं होतं गं. माझ्या हातून हे झालं असतं ना, तर मी नव्या गोळ्या करायचं बंद केलं असतं आणि गप्प बसले असते. लोकांच्या दारात जाऊन, मीच दिलेलं मीच परत मागायचं, हे मला जमलं नसतं. तू पदर घेऊन निघालीस त्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. तू गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत बघत होते. मला तुझा इतका अभिमान वाटला, की मी तुला छत्री घेऊन जा एवढंच म्हणाले."